गोल्डन बॉल कॅक्टस ‘असली-नकली’वाला मेसेज चुकीचा आहे

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातनं गोल्डन बॉल कॅक्टस, म्हणजे पिवळ्या काट्यांचं गोल निवडुंग, घेणाऱ्यांसाठी म्हणून एक मेसेज गोव्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. त्यात लिहिलंय, अंगावर धारा (वरून खाली जाणाऱ्या उभ्या कडा) नसून गाठी असतील तर नकली, काटे पांढरे तर रोगट, डोक्यावर कापूस म्हणजे बुरशी, आणि फूल आलेलंच रोप घ्या. हे वाचून लोक चांगली रोपं टाकून देतायत, म्हणून लिहितोय.

आधी गाठी. या झाडाला लहानपणी धारा नसतातच हो! लिंबाएवढं असताना अंगभर सुट्या गाठी असतात, प्रत्येक गाठीच्या टोकाला पिवळ्या काट्यांचा झुबका, आणि वाढता वाढता त्याच गाठी एका ओळीत जुळून धारा तयार होतात, मोठ्या झाडाला 21 ते 37 पर्यंत. म्हणजे मेसेजवाला ज्याला नकली म्हणतोय ते बाळ आहे.

पांढऱ्या काट्यांची तर वेगळी जातच मिळते, आखूड काट्यांचीपण मिळते. आणि साध्या सोनेरी झाडाचेही खालचे जुने काटे करडे पडतात, रंग बघायचा तो वरच्या नव्या काट्यांचा.

कापसाचं मात्र नीट बघा, कारण इथे खरंच घोळ होतो. अगदी माथ्यावर फिकट पिवळसर, दाट, जागच्या जागी घट्ट बसलेली लोकर असेल तर ती झाडाचीच आहे, नवे काटे तिथूनच निघतात, ती ब्रशने घासू नका प्लीज. धारांच्या खाचेत किंवा मुळांशी पांढरे चिकट पुंजके दिसले आणि इअरबडने पुसून निघाले तर तो मिलीबग, म्हणजे झाडाचा रस शोषणारा कीडा, बुरशी तोपण नाही.

फुलाचं म्हणाल तर या कॅक्टसचं फूल पिवळं, त्याच लोकरीतनं येतं, आणि तेही झाड चांगलं फूटभर रुंद झाल्यावर, त्याला बरीच वर्षं लागतात. मुठीएवढ्या रोपावर लालभडक फूल दिसलं तर बुडाशी बघा, बहुतेक वाळलेलं फूल गोंदाने चिकटवलेलं असणार.

मेसेजात शेवटी लिहिलंय की बुंधा तपकिरी झाला की झाड संपलं. तपकिरी भाग बोटाला कडक लागला तर ते वय आहे, राहू द्या. मऊ लागला तर मात्र कुज, आपल्या पावसात उघड्यावर ठेवलं की होतेच, तेव्हा जूनच्या आधीच कुंडी छपराखाली घ्या.