पासवर्ड ठाऊक असलेला माणूस नोकरी सोडून गेलाय

ऑफिसातून लॉटमध्ये निघालेला कॉम्प्युटर नव्या घरी सुरू केला की पडद्यावर आधीच कुणीतरी बसलेलं असतं. 'रिसेप्शन', नाहीतर 'अकाउंट्स दोन'. खाली पासवर्डची रिकामी चौकट आणि तिच्यात लुकलुकणारी रेघ. विकणाऱ्याला विचारलं की उत्तर ठरलेलं: "पासवर्ड ना? कंपनीच्या नावावरून काहीतरी होता बघा. ज्याला ठाऊक होता तो सोडून गेला." हा माणूस प्रत्येक ऑफिसात होता आणि प्रत्येक ऑफिसातून गेलेला आहे.

मग सुरू होते अंदाजपंचे. ॲडमिन, ॲडमिन १२३, कंपनीचं नाव आणि पुढे ॲट द रेटचं चिन्ह. दर नव्वद दिवसांनी पासवर्ड बदलायची सक्ती असली की लोक चालू महिना आणि साल टाकून मोकळे होतात. निस्ट या अमेरिकी मानक संस्थेनं २०१७ मध्ये आणि मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये या मुदतीच्या सक्तीतून अंग काढून घेतलं, पण तोवर कीबोर्डांच्या पोटाला चिठ्ठ्या चिकटून गेल्या होत्या. कीबोर्ड उलटा करून जरूर बघावा, त्यात लाज नाही. अडचण एवढीच, की लॉटमध्ये कीबोर्ड वेगळे विकले जातात. तुमची चिठ्ठी दुसऱ्याच कुणाच्या टेबलावर पालथी पडलेली असते.

माझं विचाराल तर पासवर्ड शोधत बसूच नये. आधी कुलूप कुठलं ते बघावं. ऑफिसच्या मशीनला एकावर एक तीन-चार कुलपं असतात आणि आपण बहुतेक वेळा भलत्याच कुलपाशी झटापट करत असतो. बटण दाबताच, विंडोजचा पत्ताही नसताना पासवर्ड मागितला, तर ते बायोसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी मशीन जागं करणाऱ्या प्रोग्रामचं, नाहीतर खुद्द डिस्कचं कुलूप. निळ्या पडद्यावर लांबलचक आकडा मागितला, तर बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कवरचा मजकूर सांकेतिक करून ठेवणारं विंडोजचंच कुलूप. माणसाचं नाव दिसलं, तर विंडोजच्या लॉगिनचं. यात हे लॉगिनचं कुलूप सगळ्यात गरीब.

ते उघडायचं नसतं, दार-चौकटीसकट पाडायचं असतं. आत कुणाच्या तरी पगाराचे तक्ते असतील, ते बघण्यात आपल्याला रस नसावा. ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, दुसऱ्या चालत्या कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यावर विंडोज चढवा, आणि बंद मशीन त्यावरून सुरू करा. यासाठी डेल आणि लेनोवोवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९. लोगो दिसल्यावर कळ दाबू म्हणाल तर उशीर झालेला असतो. पॉवरचं बटण सोडल्या क्षणापासून सुतारपक्ष्यासारखी टकटक लावावी लागते. त्यातून कीबोर्ड ब्लूटूथचा असेल तर तो त्या घटकेला अजून झोपेतच असतो. वायरचा लावा.

इन्स्टॉलेशनचा पहिला पडदा आला की शिफ्ट आणि एफ १०. काळी खिडकी उघडते. तिच्यात इंग्रजीत टाइप करा: डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क. इथे थांबून चहा घेतला तरी चालेल, पण यादीतले आकार नीट वाचा, कारण तुमचा पेन ड्राइव्हही त्याच रांगेत शहाण्यासारखा उभा असतो. सिलेक्ट डिस्क, पुढे योग्य तो क्रमांक, आणि मग क्लीन. एरवी साधी फाइल पुसताना दोनदा विचारणारं विंडोज इथे 'नक्की ना?' एवढंही विचारत नाही. चुकीचा क्रमांक दिलात तर ज्याच्या जिवावर सगळं चाललं होतं तो पेन ड्राइव्हच कोरा होतो.

कधी कधी यादीत डिस्कच दिसत नाही. डिस्क मेली म्हणून लगेच गळा काढू नये. ऑफिसच्या मशीनमध्ये स्टोरेज पुष्कळदा रेड मोडवर ठेवलेलं असतं, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवायच्या पद्धतीवर. बायोसमध्ये ते एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणा, किंवा इंटेलचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आणून 'लोड ड्रायव्हर' मधून द्या. डिस्क कोरी झाली की काळी खिडकी बंद करून इन्स्टॉलेशन पुढे न्या. प्रॉडक्ट की मागितली तर 'माझ्याकडे नाही' म्हणून पुढे जा. विंडोज ८ पासून मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये की मदरबोर्डच्या चिपमध्येच भरलेली असते. आवृत्ती तीच ठेवली, म्हणजे प्रोला प्रो, तर नेटला जोडल्यावर ही की आपली आपण लागू होते.

एवढं सगळं तोंडपाठ करून बसावं आणि बायोसनंच वाट अडवावी, तेव्हा खरी कसोटी. बायोसला पासवर्ड असेल तर पेन ड्राइव्हवरून सुरू होणंही बंद केलेलं असू शकतं. इथे हमखास कुणीतरी सांगतो, "बॅटरी काढ ना!" ती म्हणजे सीआर २०३२, ३ व्होल्टची, नाण्याएवढी. फार जुन्या डेस्कटॉपवर हा उपाय चालायचा. अलीकडच्या ऑफिस मशीनमध्ये पासवर्ड अशा चिपमध्ये असतो जिला बॅटरी असली काय, नसली काय. परिणामी पासवर्ड जागच्या जागी राहतो आणि तारीख तेवढी मागे जाते. मग ब्राउझर प्रत्येक साइटवर कुरकुरतो, कारण त्याच्या लेखी त्या साइटचं प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही.

डेस्कटॉपवर त्यापेक्षा जंपर, म्हणजे मदरबोर्डवरच्या दोन पिना जोडणारी टोपी, शोधा. वायर भिंतीतून काढा, पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून उरलीसुरली वीज जाऊ द्या, झाकण उघडा. डेल आणि एचपीच्या बऱ्याच बोर्डांवर इंग्रजीत पीएसडब्ल्यूडी असं बारीक लिहिलेलं असतं. त्या दोन पिनांवर प्लॅस्टिकची टोपी असते, तांदळापेक्षा जराशी मोठी. ती उपटून ठेवा, मशीन एकदा सुरू करा, बंद करा, टोपी परत बसवा. ही परत बसवायची पायरी लोक विसरतात आणि पुढे स्वतःचा पासवर्ड का लागत नाही म्हणून डोकं खाजवतात. टोपी हातातून निसटली तर फरशीवर शोधू नका, ती केबलांच्या जुडग्यात गेलेली असते. एवढ्या सव्यापसव्यानंतर मशीन सुरू होतं आणि पहिलं वाक्य काय, तर 'झाकण यापूर्वी उघडलं गेलं होतं'. झाकणापाशी बारीकसा स्विच असतो, तो चुगली करतो. बायोसमध्ये जाऊन ती सूचना पुसता येते.

लॅपटॉपला सहसा ही सोय नसते. लेनोवोच्या थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचा मुख्य पासवर्ड, हरवला तर मदरबोर्ड बदला, असं खुद्द लेनोवोच सांगतं. डेल मालकीचा पुरावा मागतं. त्यासाठी बिल हवं आणि त्यावर मशीनचा सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग हवा. डिस्कचा स्वतःचा पासवर्ड असेल तर ती दुसऱ्या मशीनमध्ये घालूनही तोंड उघडत नाही. नवी डिस्क घाला, विषय संपवा. बिटलॉकरचं सोपं आहे. त्याची की ४८ अंकी, सहा-सहाचे आठ गट, आणि प्रत्येक गटाला अकरानं भाग जातो. पण अकराचा पाढा येतो म्हणून ती सापडत नाही. जुना डेटा नकोच असल्यामुळे तीही डिस्क वरच्याच पद्धतीनं कोरी करावी.

सगळ्यात वस्ताद कुलूप मात्र सगळं संपल्यावर दिसतं. डिस्क कोरी, विंडोज नवं, वाय-फाय जोडलं, आणि पडद्यावर जुन्याच कंपनीचं स्वागत, वर तिथल्याच ईमेलची मागणी. याला ऑटोपायलट म्हणतात. मशीनच्या हार्डवेअरची ओळख कंपनीनं मायक्रोसॉफ्टकडे नोंदवलेली असते, म्हणून डिस्क दहादा पुसली तरी माहेरची ओढ जात नाही. विंडोजऐवजी लिनक्स टाकलं तर त्याला याचं सोयरसुतक नसतं. पण विंडोजच हवं असेल तर नोंद काढणं त्या कंपनीच्याच आयटीवाल्यांच्या हातात आहे.

म्हणून पैसे द्यायच्या आधी, विकणाऱ्याच्या समोरच, कोऱ्या विंडोजचं मशीन मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा आणि ईमेल मागणाऱ्या पडद्यापर्यंत जाऊन बघा. रीस्टार्ट करून बायोसच्या सेटिंगमध्ये शिरता येतंय का तेही बघा. बिलावर सर्व्हिस टॅग किंवा सीरियल नंबर लिहून घ्या. विकणारा घड्याळाकडे बघेल. बघू द्या.