टेकडीवर थेरपी का नको?

चालता चालता थेरपी, म्हणजे काउन्सेलरबरोबर फिरत फिरत मनातलं बोलणं, म्हटलं की आमच्या पुण्यात दोनच रिअ‍ॅक्शन येतात, एक तर 'हे काय नवीन फॅड' नाहीतर 'आम्ही रोज टेकडीवर जातोच की, फुकटात थेरपी'. मला दोन्ही पटत नाहीत.

फॅड कसलं, ऑगस्ट १९१० मधे संगीतकार गुस्ताव मालरचं बायकोशी पार बिनसलेलं, त्याने मनोविश्लेषक फ्रॉइडची वेळ घेतली, रद्द केली, परत घेतली, परत रद्द केली, असं करत करत शेवटी हॉलंडमधल्या लायडनला भेटला आणि दोघं चारेक तास गावातून फिरत बोलले. अपॉइंटमेंट घेऊन टाळायची हे खास पुरुषी काम, तेव्हाही तेच. (हसू नका, तुमच्यातले निम्मे तेच करताय.)

केबिनमधे समोर खुर्ची, मधे टिश्यूचा बॉक्स, आपला माणूस तिथे इंटरव्ह्यूला आल्यासारखा बसतो आणि 'तसं सगळं ठीक आहे' म्हणून उठतो. चालताना कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही, गप्प राहिलं तरी अवघड वाटत नाही, चढावर दम लागला की बोलणं थांबतं आणि मग वर पोचल्यावर जे बाहेर पडतं ना ते बरेचदा खरं असतं.

पण म्हणून तळजई नि वेताळ टेकडीवरचे आपले सकाळचे ग्रुप म्हणजे थेरपी नव्हे हो. तिथे गुडघे, एसआयपी, पोराचं पॅकेज आणि महापालिका. चुकून एखादा 'झोप लागत नाही रे' म्हणाला तर लगेच अश्वगंधा घे, प्राणायाम कर, मोबाईल बाहेर ठेव. का लागत नाही हे कोणी विचारत नाही! शिकलेला काउन्सेलर ते विचारतो, थांबतो, आणि जीव द्यायचे विचार येतात का हेही सरळ विचारतो. एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची नोंद ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) २०२२ च्या आकड्यांत देशभरात १ लाख ७० हजारांवर आत्महत्या आहेत, त्यात दर दहात सात पुरुष.

अडचण एकच, टेकडीवर दर वळणाला 'काय साहेब, आज लवकर?' भेटतात. त्यामुळे गर्दीची वेळ टाळा, ओळखीचं भेटलं तर काय सांगायचं ते काउन्सेलरशी आधीच ठरवा. गोळ्या चालू असतील तर त्या चालूच ठेवायच्या, चालणं त्यांच्याऐवजी नाही. आणि फी परवडत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात, चालता चालता लावला तरी चालतो.