सर्वसमावेशक सोसायटी: एक तयार पटकथा

उपनगरातल्या सोसायटीवर विनोदी सिनेमा काढायचं मनात असेल, तर सेक्रेटरीला नंतर विचारा, आधी मला विचारा. हल्ली पैसे लावणारे पहिल्याच बैठकीत ‘डायव्हर्सिटी आहे ना?’ म्हणतात. घाबरू नका. मजल्यामागे एक नमुना बसवला की झालं.

तळमजल्यावर पारशी म्हातारा आणि त्याची जुनी फियाट. गाडी सुरू होत नाही, हाच त्याचा स्वभाव. पहिल्यावर ख्रिश्चन: हातात बाटली, भिंतीला गिटार. दुसऱ्यावर दाक्षिणात्य. त्याला संवाद लागत नाहीत, उच्चार पुरतात. मेहमूदने १९६८ साली ‘पडोसन’मध्ये संगीतमास्तर रंगवला, तो इतका टिकाऊ निघाला की नंतरच्या कित्येकांनी त्याच्याच लुंगीवर दिवस काढले. उगाच तमिळ नट शोधू नका. तो साधं बोलेल, मग हसायचं कशाला?

तिसऱ्यावर चाचा. हे पात्र जपून लिहा. चाचा वयस्कर हवा, शेर ऐकवणारा हवा, गणपतीच्या आरतीला टाळ्या वाजवणारा हवा. त्याला नोकरीवाला, टू बीएचके भाड्याने शोधणारा मुलगा मात्र असता कामा नये. तो आला की ब्रोकर येतो, ब्रोकर आला की ‘ओन्ली फॅमिली, ओन्ली व्हेज’ येतं आणि विनोदाचं वाटोळं होतं. शिवाय सभासदत्व आपल्याच समाजापुरतं ठेवायला सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीला मोकळीक दिलेली आहे. म्हणजे तुमच्या तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याने मनावर घेतलं असतं, तर वरच्या कुणाला दारातच घेतलं नसतं. नशीब, त्याला फियाटमधून सवड नाही.

आता मराठी माणूस. तो तुमच्या हिंदी पटकथेत आधीच हजर आहे, झाडू घेऊन. नाव शांताबाई, नऊवारी, कपाळावर आडवी चिरी. मालाडच्या टॉवरमध्ये खरोखर कामाला येणारी बाई पंजाबी ड्रेस घालते, कानात इअरफोन खुपसून पोरीच्या अ‍ॅडमिशनचं बोलते, पगार जीपेवर घेते आणि नोकरांसाठीच्या वेगळ्या लिफ्टपाशी ताटकळते. लिफ्टचा सीन कापा, लांबी वाढते.

मराठी नट चालतो, बरं का. आडनाव तेवढं बदला. अमोल पालेकर एकट्या १९७९ सालात शर्माही झाले आणि ब्रगांझाही. लक्ष्मीकांत बेर्डे इकडे सुपरस्टार असताना १९९४ साली तिकडे लल्लू नावाचे नोकर होते.

हे वाचून मराठी बाणा जागा झाला असेल, तर उत्तमच, मराठीत काढा. तिथे काम आणखी सोपं. दारांवर देशपांडे, कुलकर्णी, जोशी अशा पाट्या लावा. दूधवाला भय्या, वॉचमन नेपाळी, दोघांच्याही हिंदीवर हशा हमखास. कांबळे किंवा शेख अशी पाटी मात्र टाळा. ती नुसती दिसली तरी प्रेक्षक मध्यंतरापर्यंत ‘मेसेज’ शोधत बसतात.

शूटिंग गोरेगावच्या चित्रनगरीत सेट लावूनच करा. खऱ्या सोसायटीत परवानगी मिळत नाही असं नाही. डिपॉझिट भरा, गच्ची वापरा, रात्री दहानंतर आवाज नको. फक्त चाचा आणि फर्नांडिस मेकअप करून गेटवर उतरले, की कमिटीतले एक काका खाली येऊन अगदी नम्रपणे विचारतात, ‘युनिटचं जेवण व्हेज आहे ना?’