वाफे वाटून घेऊ नका!

सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा तोच विषय निघालाय. "मागच्या बागेचे फ्लॅटवार वाफे पाडून द्या, म्हणजे कटकट मिटेल." माझं मत विचाराल तर अजिबात नको. वाफ्यांवर फ्लॅट नंबर लागले की ती बाग नाही राहणार, हिरवी पार्किंग होईल.

भांडणं होतात, मान्य. कढीपत्ता कोणी ओरबाडला, अळूची सगळी पानं एकाच घरी कशी गेली, यावर जिन्यात रंगलेल्या चर्चा मीही ऐकल्यात. (वड्या मात्र झकास झाल्या होत्या, वाटीभर आमच्याकडेही आल्या.)

पण यंदाच्या दुधीचंच बघा. मांडवभर फुलं, फळ मात्र धरेना. बोटाएवढा झाला की पिवळा पडून गळायचा. कोणी म्हणे पाणी कमी पडतंय, कोणी म्हणे खत घाला. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अरे, दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं. सकाळी वॉकला येऊन बघता, तुम्हाला काय कळणार?" खरंच की! ती पांढरी फुलं रात्रीच्या पतंगांसाठी, आणि आमच्या इमारतींच्या बोळात पतंग फिरकतायत कशाला! मग दिवेलागणीला मुलांची फौज मांडवाखाली. लांब, बारीक देठाचं ते नर. फुलाच्या बुडाशी इवलासा दुधी दिसला की ती मादी. नराच्या पाकळ्या अलगद काढायच्या आणि परागकण मादीच्या मधोमध टेकवायचे. उंच मुलांनी वेल खाली वाकवून धरायचा, छोट्यांनी पराग लावायचे. थोड्याच दिवसांत फळं फुगायला लागली. आता सांगा, हे दुधी कुठल्या फ्लॅटच्या नावावर मांडायचे?

कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर, पेशाने गणिताचे प्राध्यापक, त्यांनी शेतकऱ्यांचा 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच धर्तीवर: ज्याने त्याने आपल्या जागेत करून बघायचं आणि जे कळलं ते बाकीच्यांना सांगायचं. आमच्यात शेतकरी कोणी नाही, पण सांगणारे पुष्कळ आहेत. कधी कधी जरा जास्तच.

खताचंही तेच. मोठ्या सोसायट्यांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असा नियमच आहे. पुण्यात गांडूळखत केलं तर मालमत्ता करात सवलतही मिळते. पण पिटात उष्टी आमटी ओतू नका, हे एकमेकांना सांगणार कधी? खाली येऊन मातीत हात घालू तेव्हाच ना! एकट्याच्या वाफ्यासाठी सगळ्यांच्या सालपटांची उस्तवार कोण करणार?

आणि ऋषिपंचमी जवळ आलीये. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून ऋषीची भाजी. एरवी आपण ती मंडईतून निवडून आणतो, आणि त्यात बैलाचे कष्ट किती, ट्रॅक्टरचे किती, हे विचारत नाही. यंदा अळू, माठ, पडवळ, भेंडी, लाल भोपळा सगळं खाली आहे. सुरण आणि कणसं तेवढी आणावी लागतील. भाजी एकाच मोठ्या पातेल्यात करावी असं माझं म्हणणं आहे. तिखट नाही, फोडणी नाही, त्यामुळे वाद घालायलाही फारसं काही उरत नाही.

जाता जाता: माठावर शंखी गोगलगायी पुन्हा चढल्यात. रात्री जेवणं झाल्यावर ज्यांना जमेल त्यांनी टॉर्च आणि हातमोजे घेऊन खाली या. मिठाच्या पाण्याची बादली मी आणते.