इंग्लंडमधल्या खेड्यात घर घेण्यापूर्वी

गेल्या महिनाभरात तीन मराठी कुटुंबांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघांनाही शहरातला फ्लॅट सोडून खेड्यात घर घ्यायचे आहे, कारण तेवढ्याच पैशांत तिथे एक खोली जास्त मिळते, मागे बाग मिळते आणि मुलांना शाळेत चालत जाता येते. तिघांनीही घराची जाहिरात पाठवली, सोबत गुन्ह्यांच्या नकाशाचा फोटो जोडला आणि विचारले, "ताई, गाव सुरक्षित आहे ना? इथे दर हजारी पन्नास गुन्हे दाखवतायत." पूर्व इंग्लंडच्या सपाट शेतीच्या मुलखात, चारशे-सव्वाचारशे वस्तीच्या एका गावात मी नऊ वर्षे राहते आहे. या प्रश्नाचे उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, आणि घाईने दिलेल्या उत्तराच्या भरवशावर कुणी आयुष्यभराची पुंजी गुंतवावी असे मला वाटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहीत आहे.

आधी त्या पन्नासाचा हिशोब पाहू. गावात ४२० माणसे राहतात आणि वर्षभरात २१ नोंदी झाल्या, की दर हजारी पन्नास हा आकडा तयार होतो. पण त्या २१ नोंदींपैकी सात जर कुंपणाच्या वादावरून भांडणाऱ्या दोनच कुटुंबांच्या तक्रारी असतील आणि चार एकाच रात्री फोडलेल्या चार गाड्या असतील, तर त्या आकड्याचा उरलेल्या गावाशी फारसा संबंध राहत नाही. पुढच्या वर्षी ते भांडण मिटले आणि नोंदी आठवर आल्या, तर कागदावर गुन्हेगारी साठ टक्क्यांहून अधिक घटलेली दिसेल, आणि गावात मात्र कुणालाच काही बदलल्याचे जाणवणार नाही. लाखभर वस्तीच्या शहरात असे चढउतार एकमेकांत मुरून जातात. चारशे वस्तीत एक माणूस बिनसला तरी त्याचे प्रतिबिंब दरात पडते.

नकाशाचेही तसेच आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांच्या संकेतस्थळावर २०११ पासून रस्तानिहाय गुन्ह्यांचे नकाशे पाहता येतात, आणि ही माहिती सामान्य माणसाला खुली असणे मला मनापासून मोलाचे वाटते. मात्र त्यावरचा ठिपका म्हणजे गुन्ह्याची खरी जागा नव्हे. पीडित व्यक्तीची ओळख उघड होऊ नये म्हणून प्रत्येक घटना आधीच ठरवून ठेवलेल्या जवळच्या बिंदूवर नेऊन ठेवली जाते, आणि ज्या बिंदूच्या परिघात किमान आठ पत्ते आहेत किंवा एकही पत्ता नाही, असेच बिंदू यासाठी निवडलेले असतात. शहरात त्यामुळे जागा चार घरे इकडेतिकडे होते. खेड्यात मात्र लांबच्या शेतावर झालेली चोरीही चर्चच्या गल्लीतल्या ठिपक्यावर येऊन बसू शकते. आमच्याकडे चर्चजवळचे एक उत्तम घर पाहून गेलेल्या कुटुंबाने "त्या गल्लीत फार गुन्हे आहेत" म्हणून ते सोडून दिले, याचे मला आजही वाईट वाटते. शिवाय 'हिंसा आणि लैंगिक गुन्हे' हे सदर वाचून लोक घाबरतात, पण त्यात मारामारीखेरीज छळ, पाठलाग आणि धमकीचे संदेशही मोडतात, आणि 'समाजविघातक वर्तन' या सदरातल्या नोंदी तर काटेकोर अर्थाने गुन्हेच नसतात.

याची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. नकाशा कोरा दिसला म्हणजे गावात काही घडले नाही असे नव्हे. खेड्यांत अनेक ठिकाणी गॅसची वाहिनी पोहोचलेली नाही, त्यामुळे घर तापवायला तेल जाळतात, म्हणजे आपले रॉकेलच, आणि त्याची हजार-दीड हजार लिटरची हिरवी प्लॅस्टिकची टाकी परसात उभी असते. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत माझ्या शेजारच्या बाई, वय ऐंशीच्या पुढे, पहाटे उठल्या तेव्हा घर गारठले होते. बॉयलर बिघडला असे समजून त्यांनी कारागिराला बोलावले. त्याने टाकीत लांब काठी बुडवली, ती वर काढली आणि आम्हा दोघींना दाखवली. तिच्या टोकाला बोटभरसुद्धा तेल लागलेले नव्हते. चारच दिवसांपूर्वी टाकी भरली होती. मागच्या गवताला रॉकेलचा वास येत होता, आणि शेताच्या बाजूने कुंपण दाबून केलेली माणूसभर रुंदीची वाट तेवढी उरली होती. तेलाचा टँकर गावात शिरला की तो साऱ्यांना दिसतो, आणि पाळत ठेवणाऱ्यालाही दिसतो. मी त्यांना पोलिसांत कळवा म्हणून विनवले, पण "आता काय उपयोग" म्हणून त्यांनी कळवले नाही, आणि त्या महिन्यात आमच्या गावाचा नकाशा स्वच्छ राहिला.

अशी न नोंदलेली चोरी मोजण्यासाठीच या देशात घरोघरी जाऊन लोकांना विचारणारी पाहणी १९८२ पासून होते आहे. त्या पाहणीनुसार १९९५ च्या सुमारास गुन्हेगारीने शिखर गाठले आणि त्यानंतर घरफोड्यांचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात उतरले. देशाचे चित्र म्हणून ही बाब दिलासा देणारीच आहे. पण अशा पाहणीतून एखाद्या खेड्याचे चित्र कधीच मिळत नाही, कारण तिथे विचारायला माणसेच थोडी असतात.

खेड्यातल्या चोराला बहुतेक वेळा घराच्या आतल्या वस्तूंपेक्षा बाहेरच्या वस्तू हव्या असतात. ट्रॅक्टरवरचे उपग्रह-दिशादर्शक यंत्र, चारचाकी क्वाड बाइक, परसातल्या शेडमधली अवजारे आणि सायकली, चर्चच्या छपरावरचे शिसे यांना बाजारात भाव आहे. एनएफयू म्युच्युअल या शेतकऱ्यांच्या विमा कंपनीने ब्रिटनमधल्या ग्रामीण गुन्ह्यांचे नुकसान २०२३ साठी ५ कोटी २८ लाख पौंड आणि २०२४ साठी ४ कोटी ४१ लाख पौंड धरले होते, म्हणजे उतार आहे, पण रक्कम लहान नाही. भंगार विकणाऱ्याला रोख पैसे देण्यावर बंदी आली आणि २०१३ च्या कायद्याने भंगार व्यापाऱ्यांवर परवान्याची सक्ती झाली, तरी मध्ययुगीन चर्चांची छपरे उघडी पडण्याचे थांबले नाही. याखेरीज सुगी आटोपून शेते मोकळी झाली, की शिकारी कुत्री सशांमागे सोडून त्यावर पैजा लावणाऱ्या टोळ्या येतात. हा प्रकार २००४ च्या कायद्याने बंद आहे आणि २०२२ मध्ये शिक्षाही वाढल्या, पण अडवायला गेलेल्या शेतकऱ्याला धमक्या मिळतात, हे मी आमच्याच गावच्या सभेत ऐकले आहे.

यावर तुम्ही विचाराल, की मग पोलिस कुठे आहेत? आमच्या गावात एके काळी पोलिसघर होते. आज तिथे एक कुटुंब राहते, आणि दरवाजावरच्या विटांत निळ्या दिव्याची लोखंडी खुंटी तेवढी उरली आहे. २०१० नंतरच्या काटकसरीत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे २०,००० पोलिस कमी झाले. ती संख्या २०२३ पर्यंत भरून काढली गेली, पण खेड्यातला मुक्कामी शिपाई काही परत आला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्व ४३ पोलिस दलांच्या प्रमुखांनी प्रत्येक घरफोडीच्या ठिकाणी प्रत्यक्ष जाण्याचे वचन दिले, त्याचे मी स्वागत करते. तरीही वीस-पंचवीस मैलांवरून येणारी गाडी वळणाच्या अरुंद रस्त्याने यायची, हे वास्तव कोणत्याही वचनाने बदलत नाही. या अंतराची भीती किती खोल असते, हे नॉरफोकमधल्या एमनेथ हंगेट इथे ऑगस्ट १९९९ मध्ये देशाने पाहिले. एकट्याने राहणाऱ्या टोनी मार्टिन या शेतकऱ्याने रात्री घरात शिरलेल्या दोघांवर गोळ्या झाडल्या, आणि त्यात १६ वर्षांचा एक मुलगा मरण पावला. खुनाची शिक्षा २००१ मध्ये अपिलात सदोष मनुष्यवधावर आली. माझ्या मते चोरीसाठी कोवळ्या मुलाचा जीव जाणे कोणत्याही अर्थाने समर्थनीय नाही. पण "हाक मारली तर कुणी येणार नाही" ही त्या माणसाची धास्ती खोटी होती, असेही मला म्हणवत नाही.

आता खास आपल्या लोकांसाठी. आशियाई घरांत सोने असते, हे इथल्या चोरांना पक्के ठाऊक आहे, आणि दिवाळीच्या आधी पोलिस तसा इशारा अनेक ठिकाणी देतात. माझ्या ओळखीचे एक कुटुंब मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाला गेले, हॉलच्या दारातूनच सगळ्यांचा नटलेला फोटो टाकला आणि रात्री घरी परतले तेव्हा मागचे दार उघडे होते. सासूबाईंच्या पाटल्या, दोन तोडे आणि मुलीच्या बारशाच्या बिंदल्या, सारे पिठाच्या डब्यातून गेले होते. पिठाच्या डब्यात, देवघराखाली, कपाटातल्या साड्यांच्या घडीत या आपल्या जागा आता कुणाला नव्या नाहीत. सोने बँकेच्या किंवा तिजोरी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या लॉकरमध्ये ठेवा, प्रत्येक दागिन्याचा फोटो काढा आणि विम्याच्या कागदात एका दागिन्यामागे किती रकमेची मर्यादा आहे ते वाचा. घरात जुने दार असेल तर त्याच्या कुलपाचा दांडा पकडीने धरून मोडता येतो का, हे कुलूपवाल्याकडून तपासून घ्या. ऑक्टोबर २०१५ पासून नव्या घरांना दारे-खिडक्यांच्या मजबुतीचा नियम लागू आहे, पण खेड्यातली बहुतेक घरे त्याच्या कितीतरी आधीची आहेत. शेडच्या कुलपावर पैसे घालण्याआधी कडीकोयंडा पाहा. आमच्या शेडचे भारी कुलूप शेवटपर्यंत जसेच्या तसे होते, चोराने कोयंड्याचे चार स्क्रू काढले होते.

रस्त्यावरचे दिवे मध्यरात्री बंद होतात म्हणून अनेक जण खेडी टाळतात. इंग्लंड आणि वेल्समधल्या ६२ स्थानिक संस्थांच्या माहितीवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवे कमी केल्याने गुन्हे वाढल्याचा पुरावा मिळाला नव्हता. अंधारात एकटीने चालताना मला भीती वाटते, ती मी नाकारत नाही, पण केवळ त्यावरून गाव असुरक्षित ठरवू नये.

मला खरी काळजी वाटते ती घराच्या आत राहणाऱ्या माणसाची. नॅशनल रूरल क्राइम नेटवर्क या ग्रामीण गुन्ह्यांवर काम करणाऱ्या संस्थेने २०१९ मध्ये दिलेल्या अहवालानुसार अतिग्रामीण भागात घरगुती अत्याचार सरासरी २५ टक्के अधिक काळ सहन केला जातो. याचे मला नवल वाटले नाही. मी इथे आले तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती, बस दोन तासांनी एक होती आणि संध्याकाळी सहानंतर एकही नव्हती, फोनला घराच्या एकाच खिडकीत रेंज यायची. माझा नवरा समजूतदार आहे, म्हणून ते दिवस केवळ कंटाळवाणे गेले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या एखाद्या मुलीच्या वाट्याला तसा नवरा आला नसेल, तर शांत गल्लीतले तेच टुमदार घर तिच्यासाठी काय होईल, याचा विचार घर घेताना कुणी करत नाही. खेड्यात जायचे ठरवलेत तर घरातल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीला गाडी चालवता येईल, तिच्या हाताशी स्वतःचे पैसे असतील आणि गावात तिची स्वतःची ओळख असेल, याची सोय चोर-घंटा बसवण्याआधी करा.

ओळखीचे महत्त्व इथल्या लोकांना फार पूर्वी कळले होते. ब्रिटनमधली पहिली 'नेबरहुड वॉच', म्हणजे शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरांवर लक्ष ठेवण्याची, योजना १९८२ मध्ये लंडनसारख्या शहरात सुरू झाली नाही, ती चेशरमधल्या मॉलिंग्टन या खेड्यात सुरू झाली. आमच्याकडे तिची पाटी खांबावर आहे, पण काम चालते ते माणसांमुळे. आम्ही भारतात गेलो असताना कचऱ्याचा डबा बाहेर ठेवण्याचे आणि वेळेवर आत घेण्याचे काम शेजारच्या बाई करतात, कारण तीन दिवस रस्त्यावर उभा असलेला डबा घर रिकामे असल्याचे ओरडून सांगतो. त्यांच्या टाकीच्या झाकणाला आता कुलूप आहे, आणि तेल अचानक उतरले की वाजणारा भोंगा माझ्या स्वयंपाकघरात आहे. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारख्या मंडळाच्या, बैठकीला मी पहिली तीन वर्षे गेले नाही, आणि त्या तीन वर्षांत गावात काय चालले आहे हे मला नकाशापेक्षा जास्त काही ठाऊक नव्हते. गेल्या हिवाळ्यात पुन्हा कुंपण दबलेले दिसले, तेव्हा शेजारच्या बाईंनी स्वतःहून १०१ ला, म्हणजे तातडी नसलेल्या तक्रारींसाठीच्या पोलिसांच्या क्रमांकाला, फोन केला. बराच वेळ फोन कानाला लावून त्या थांबून राहिल्या आणि नोंद झाल्यावरच त्यांनी तो खाली ठेवला.

ज्या तीन कुटुंबांनी विचारले, त्यांपैकी एकाने आमच्या पलीकडच्याच गावात घर पाहिले आहे. त्यांना मी सांगितले आहे, की शनिवारी दुपारी उन्हात पाहिलेत तेवढे पुरे नाही, नोव्हेंबरमधल्या एखाद्या बुधवारी संध्याकाळी सहा वाजता या. आपण शेवटच्या बसने तिथे उतरू, थांब्यापासून घरापर्यंत चालत जाऊ, फोनला रेंज कुठे येते ते पाहू आणि दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांचे दार वाजवू. परत यायला बस नसेल, पण माझे यजमान गाडी घेऊन येतील.