पडकी घरं कुणाची? मॅकडॉवेल काउंटीवरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोन ओळींत वाटेला लावण्यासारखी नाही, म्हणून हे स्वतंत्र उत्तर. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लेख होता अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातल्या मॅकडॉवेल या कोळसाखाणींच्या काउंटीवर, म्हणजे जिल्ह्यावर. तुम्ही म्हणता, "शार्लटला (नॉर्थ कॅरोलायना) जाता-येता वेस्ट व्हर्जिनिया बऱ्याचदा पाहिलंय. निम्मी घरं पडलेली, अंगणात गंजक्या गाड्या, पडवीत फाटके सोफे. पण दारात पिकअप आणि छपरावर डिश आहेच. याला गरिबी नाही, आळस म्हणतात. एवढंच वाईट असेल तर हे लोक दुसरीकडे का जात नाहीत? आणि लेखात पडक्या घराचा एकही फोटो का नाही?"

"का जात नाहीत" हा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं त्यातूनच सुटतं. लोक गेलेत की! 1950 च्या जनगणनेत मॅकडॉवेल काउंटीत 98,887 माणसं होती. 2020 मध्ये 19,111. म्हणजे पाचांतली चार कमी झाली. माणसं गाडीत बसून ओहायोला, डेट्रॉइटला, नॉर्थ कॅरोलायनाला गेली. घरं काही त्यांच्यामागून गेली नाहीत. तुम्हाला रस्त्यावरून दिसतात ती मुख्यतः गेलेल्यांची घरं. त्यावरून राहिलेल्यांच्या स्वभावाचा निकाल लावणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करायची आणि शीत मात्र दुसऱ्याच्या हंडीतलं घ्यायचं.

माणसं का गेली, हेही सरळ आहे. 1940 च्या दशकाअखेरीस राज्यात सव्वा लाखाच्या आसपास खाणकामगार होते. 1950 मध्ये जॉन एल. लुईस यांच्या खाणकामगार युनियनने खाणमालकांशी करार केला: पगार आणि आरोग्यनिधी चांगला मिळेल, बदल्यात यंत्रांना विरोध करायचा नाही. दहा-बारा वर्षांत कामगार निम्म्याहून कमी झाले. त्याच सुमारास कोळसा कंपन्यांनी वसाहतींमधली घरं राहत्या कामगारांना विकून टाकली. यात औदार्य शोधू नका. ज्या घरांची डागडुजी आता परवडणार नव्हती, ती अंगावरून उतरवली इतकंच.

आता हे घर कसं असतं ते बघा. बरीचशी 'जेनी लिंड' पद्धतीची. भिंतीच्या आत उभे खांब नसतातच. खाली लाकडी उंबरपट्टी, वर पट्टी, त्यांना उभ्या फळ्या ठोकलेल्या आणि फटींवर बारीक पट्ट्या. म्हणजे फळीच भिंत आणि फळीच खांब. पाया नसतो, दगडाच्या किंवा विटांच्या ठोकळ्यांवर घर टेकलेलं. कोळसा संपेपर्यंत टिकलं म्हणजे झालं, या हिशेबाने बांधलेली ही घरं आज शंभरी गाठताहेत.

असं घर रिकामं झालं की ठरलेल्या क्रमाने बसतं. वीज तोडलेली, त्यामुळे पहिल्याच हिवाळ्यात नळ गोठून फुटतात. धुराड्याभोवतीचा पत्रा सुटतो आणि तिथून गळती लागते. पाणी फळ्यांमधून ओघळत उंबरपट्टीत साठतं, ती कुजते, आणि आत खांब नसल्याने अख्खी भिंत खाली सरकते. तांब्याच्या तारा-नळ्या तोवर चोरीला गेलेल्या असतात. सगळ्यात आधी पडते ती पडवी, कारण तिचे खांब मातीच्या सर्वांत जवळ. आणि रस्त्यावरून दिसते तीही पडवीच.

मग पाडत का नाहीत? इथे मराठी वाचकाला फार समजावून सांगायला नको. कोकणातल्या कुलूपबंद घराचा उतारा काढून बघा: आजोबांचं नाव, खाली अठरा वारस, त्यातले सात मुंबईत, दोन दुबईत. इथेही तेच. म्हातारा मृत्युपत्र न करता गेला की घर सगळ्या वारसांच्या अविभक्त मालकीचं होतं. विकायला किंवा पाडायला सगळ्यांच्या सह्या हव्यात, नाहीतर वाटणीचा दावा लावायचा. त्याचा वकील घराच्या किमतीपेक्षा महाग. त्यात घरपट्टी इतकी कमी की ओहायोतली एखादी बहीण आईच्या आठवणीपोटी ती भरत राहते. त्यामुळे घर करथकबाकीच्या लिलावालाही येत नाही.

नगरपालिकेने पाडायचं म्हटलं तर आधी मालकांना नोटिसा. मग परवानाधारक तपासनीस बोलावून ॲस्बेस्टॉसची तपासणी: बाहेरच्या भिंतीवरच्या आवरणात, फरशीच्या टाइल्समध्ये आणि त्या चिकटवलेल्या काळ्या गोंदात, बॉयलरच्या नळ्यांवरच्या वेष्टणात. सापडला तर तो आधी वेगळा काढायचा. पाडायच्या आधी कामाचे दहा दिवस राखून सूचना द्यायची. वीज, गॅस, पाणी, सांडपाणी तोडायचं. नंतर यंत्र, कचऱ्याचे मोठे डबे, डेपोवर टनामागे पैसे, खड्डा भरून गवत पेरणं. एका साध्या घराचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे सहज जातो, आणि ज्या गावात करदातेच उरले नाहीत त्या गावाने तो करायचा! राज्याने पडक्या इमारतींसाठी वेगळ्या निधीचा कायदा केला तो 2021 मध्ये, म्हणजे पन्नास वर्षं उशिरा.

"निम्मी घरं" हे कशावरून? शार्लटकडे जाणाऱ्या टर्नपाइकवरून, म्हणजे टोलच्या महामार्गावरून, मॅकडॉवेल दिसतच नाही, तेव्हा तुम्ही ब्लूफिल्डहून यूएस 52 ने वेल्चकडे, म्हणजे काउंटीच्या मुख्य गावाकडे, गेला असाल असं धरतो. तो रस्ता एल्कहॉर्न ओढ्याला धरून जातो. दोन्ही बाजूंना उभा डोंगर; मधल्या चिंचोळ्या सपाटीत ओढा, रेल्वे, रस्ता आणि घरांची एक ओळ. परसदार असं नाहीच. ओहायोच्या सपाट शेतात जे खळ्यामागे किंवा मक्यामागे लपतं, ते इथे तुमच्या गाडीच्या काचेला लागून असतं. डोंगरावरची जमीन घ्यावी म्हटलं तर ती बहुतांश बाहेरच्या जमीन आणि कोळसा कंपन्यांच्या नावावर.

मोजायचंच असेल तर पडवीकडे बघू नका, विजेच्या मीटरकडे बघा. सोडलेल्या घराच्या मीटरची काचेची वाटी काढून नेलेली असते, गोल खोबणीवर झाकण असतं. मीटर असलेलं कळकट घर आणि मीटर नसलेलं कळकट घर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरी बसून बघायचं तर जनगणना खात्याच्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचा बी25002 हा तक्ता राहती आणि रिकामी घरं वेगळी देतो, आणि बी25004 रिकामेपणाचं कारण सांगतो. एक सावधगिरी: 65,000 पेक्षा कमी वस्तीच्या भागाला एका वर्षाचे आकडे मिळत नाहीत, पाच वर्षांची सरासरीच मिळते, आणि छोट्या काउंटीत आकडा किती चुकू शकतो ती मर्यादा (मार्जिन ऑफ एरर) मोठी असते. तो रकाना टाळून आकडा उचलणारे पत्रकार भरपूर आहेत.

पिकअप आणि डिश. दोन डोंगरांमधल्या घळीत अँटेनाला सिग्नल येत नाही. डिश नाही तर टीव्ही नाही. पिकअपचं म्हणाल तर बसवर विसंबता येत नाही, वेल्चहून शेजारच्या काउंटीतल्या प्रिन्स्टनच्या नोकरीला जाणं म्हणजे वळणावळणाच्या रस्त्याने तासाभराचा प्रवास, आणि जवळच्या किंबल गावातलं वॉलमार्ट 2016 च्या जानेवारीत बंद झाल्यापासून मोठ्या खरेदीलाही तेवढंच लांब. इथे गाडी विकली की पगारही गेला. अंगणातली गंजकी गाडी बहुतेक वेळा दारातल्या चालत्या गाडीचीच जुळी असते. हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ चॅसी आणि ब्रेकच्या नळ्या खातं, गाडी सरकारी तपासणीत नापास होते, पण तिचा स्टार्टर, अल्टरनेटर, दारं, मागचा ॲक्सल ठणठणीत असतात. भंगारवाला जे देईल त्यापेक्षा एक अल्टरनेटर महाग. हिशेब चोख आहे, दिसायला तेवढा वाईट. सोफ्याचं मात्र समर्थन करणार नाही. तो ओला होतो आणि उंदीर घर करतात.

आळसाबद्दल. तुमच्या बाजूचा आकडा मीच देतो: काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या प्रौढांचं प्रमाण या राज्यात देशातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी आहे. पण तरुण निघून गेलेल्या राज्यात ते कमी असणारच, आणि राहिलेल्यांच्या फुप्फुसांचं काय? जाड थर संपल्यावर पातळ थर खोदताना यंत्र वरखालचा खडकही कापतं, त्यातून सिलिकाची धूळ उडते. खाणसुरक्षेच्या 1969 च्या कायद्यानंतर ओसरलेला, खाणीतल्या धुळीने होणारा काळ्या फुप्फुसांचा आजार त्यामुळे परत आला, आणि चाळिशीतल्या माणसांत गंभीर रूपात आला. बेकली, ब्लूफिल्डकडच्या इस्पितळांत आपले भारतीय डॉक्टर आहेत. जे-1 व्हिसाची मायदेशी परतण्याची अट माफ व्हावी म्हणून तीन वर्षं अशा भागात काम करायला आलेले आणि पुढे तिथेच राहिलेलेही. कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा.

गरिबी नाही असं मी म्हणतच नाही. मॅकडॉवेलमध्ये साधारण तीन माणसांतलं एक दारिद्र्यरेषेखाली आहे. केनेडींच्या काळातली पहिली फूड स्टॅम्प्स, म्हणजे अन्नाची सरकारी कुपनं, 29 मे 1961 रोजी याच काउंटीत दिली गेली. पण ती गरिबी गाडीतून दिसत नाही, ती नळात असते. कंपन्यांनी घालून दिलेल्या पाणीयोजना कंपन्यांबरोबर बेवारस झाल्या. काही गावांत वर्षानुवर्षं पाणी उकळून प्यायची सूचना होती. सांडपाण्याची नळी अनेक घरांतून सरळ ओढ्यात जाते. सेप्टिक टाकी का बांधत नाहीत? साधारण 1,000 गॅलनची टाकी कशीबशी पुरता येईल, पण पुढे पाणी मुरायला चर खणावे लागतात, त्यांना सपाट जागा आणि खोल माती लागते. ओढा आणि डोंगर यांच्या मधल्या तुकड्यात दोन्ही नाही. मुरण्याच्या चाचणीतच जागा नापास होते. बाहेरून रंगवलेलं, दारात कुंड्या ठेवलेलं घरही यात असू शकतं.

उलट दारिद्र्यरेषा स्वतःही आंधळीच. मॉली ऑर्शान्स्की यांनी 1960 च्या दशकात काटकसरीच्या आहारखर्चाची तिप्पट करून ती आखली. चौघांच्या कुटुंबाला 2025 साठी 32,150 डॉलर, मॅनहॅटनलाही तेवढेच आणि वेल्चलाही. घरखर्च धरणाऱ्या पूरक मोजणीत वेस्ट व्हर्जिनियाचा आकडा खाली येतो आणि कॅलिफोर्नियाचा वर जातो. चारांतली जवळपास तीन कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात, असं हे राज्य आहे. त्याची दुसरी बाजू म्हणजे, ते घर विकून शार्लटला तीन महिन्यांचं भाडंही निघेल याची खात्री नाही. तुमच्या प्रश्नाचं उरलेलं उत्तर हे.

फोटोंबद्दल. 1964 मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन शेजारच्या केंटकीत एका पडवीवर बसले आणि ते छायाचित्र देशभर गेलं. त्यानंतर कॅमेरेवाल्यांची रीघ लागली. 1967 मध्ये केंटकीतल्या जेरेमाया इथे ह्यू ओ'कॉनर हा कॅनडाचा चित्रपटकार भाडेकऱ्याच्या घराचं चित्रण करत असताना जमीनमालकाने त्याला गोळ्या घालून मारलं. खुनाला खूनच म्हणायचं. पण पडवीच्या फोटोचा राग तिथे किती जुना आहे तेही त्यातून कळतं. पुढच्या भागात फोटो टाकणार आहे: काढलेल्या मीटरचे, ओढ्यात उतरणाऱ्या नळीचे आणि मुरण्याच्या चाचणीसाठी खणलेल्या खड्ड्याचे. पडवीचा नाही.