खुलासा: अर्जाच्या ईमेलवर जर्मनीत परत येता येत नाही
‘राहण्याचं परमिट संपलं तरी नूतनीकरणाच्या अर्जाची ईमेल दाखवून सुट्टीला मायदेशी जाऊन येता येतं,’ असा मेसेज जर्मनीतल्या विद्यार्थ्यांमध्ये फिरतोय. तो चुकीचा आहे, त्यावर विसंबून तिकीट काढू नका.

लागते ती ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’, म्हणजे परदेशी नागरिक कार्यालयाचा तात्पुरता दाखला. तोही नीट उघडून बघा. त्यात तीन चौकोन असतात. खूण जर्मनीच्या निवास कायद्यातल्या कलम 81, उपकलम 4 समोरच हवी. उपकलम 3 वर असेल तर जर्मनीत राहता येतं, पण एकदा बाहेर पडलात की त्या कागदावर परत येता येत नाही. चुकीची खूण दिसली तर कार्यालयाच्या खिडकीवरच विचारा.

उपकलम 4 साठी अर्ज परमिट संपण्याआधीच गेलेला हवा. संपलेलं कार्ड आणि पासपोर्ट दाखल्यासोबत न्या, आणि दाखल्याची मुदत संपायच्या आत परता.